बोनेटखाली काय आहे?

रविवारी पहाटे पाचला घर सोडायचं, खंडाळ्याचा घाट चढायचा, लोणावळ्याला एका टपरीवर कटिंग घ्यायचा आणि दहाच्या आत परत घरी. एवढ्या उद्योगासाठी गाडी बाळगणारे लोक मुंबई-पुण्यात पुष्कळ आहेत. मी त्यांतलाच एक. आमच्यात एक रीत आहे: टपरीवर पोचलं की आधी बोनेट उघडायचं, चहा नंतर. घाट चढून आलेलं इंजिन निवताना टिकटिक वाजत असतं, तापल्या तेलाचा वास येत असतो आणि भोवती पाच-सहा जण कमरेवर हात ठेवून उभे असतात. कुणी नवा फिल्टर बसवलेला असतो, कुणाचा पट्टा किरकिरत असतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातला एकजण नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. रीत त्यालाही चुकली नाही. बोनेट उघडलं, सगळे वाकले. आत प्लास्टिकचा हौद. त्यात छत्री, टॉवेल आणि गुंडाळून ठेवलेली चार्जिंगची केबल. "अरे, ही तर पुढची डिकी!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. तो काही बोलला नाही. चहा संपल्यावर चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "परतताना तू चालव." लोणावळ्याला बॅटरी ६१ टक्के होती. घाट उतरून खोपोलीजवळ आलो तर ६३. पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर जरा पाय दाबला, तर मान मागे आपटली.

त्या दिवसापासून पेट्रोल की इलेक्ट्रिक हा वाद मी जरा वेगळ्या कानांनी ऐकतो. दोन्हीकडचे लोक खरं बोलतात, पण समोर नसलेल्या गाडीबद्दल बोलतात. पेट्रोलवाल्याच्या डोक्यात एक आठवण असते, ईव्हीवाल्याच्या हातात माहितीपत्रक असतं. आठवण गाडीचे दोष विसरते आणि माहितीपत्रक ते छापत नाही. दोन्ही बाजूला ठेवून मुद्देवार हिशोब मांडला तर काय निघतं, ते पाहू.

पहिला डाव विजेचाच

विजेची गाडी ही नवी गोष्ट नाही. माणसाने रस्त्यावरच्या गाडीत ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो १८९९च्या एप्रिलमध्ये, पॅरिसजवळ आणि विजेवर. कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाच्या टॉर्पेडोसारख्या त्या गाडीचं नाव होतं 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधीच समाधानी नसणारी. गाडीच्या शौकिनांना यापेक्षा नेमकं नाव अजून कुणी दिलेलं नाही. पुढच्याच वर्षी, १९०० साली, फर्डिनांड पोर्शने घडवलेली गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिच्या मोटरी थेट चाकांत बसवलेल्या होत्या. ज्यांच्या आडनावाला आज पेट्रोलवाले हात जोडतात, त्यांनी सुरुवात विजेवर केली होती.

मग पेट्रोल जिंकलं कसं? तेल स्वस्त झालं, १९०८ साली फोर्डचं मॉडेल टी आलं आणि रस्ते लांबले. पण आणखी एक कारण मजेदार आहे. तेव्हा पेट्रोलचं इंजिन सुरू करायला पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे. ते उलटलं तर मनगट मोडे. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि ही कटकट संपली. म्हणजे पेट्रोल गाडीला घराघरांत नेलं ते एका छोट्या विजेच्या मोटरने.

आपल्याकडे दुसरा डाव २००१ साली बंगळुरूच्या 'रेवा'ने सुरू केला. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांवर चालणारी ती दोन दारांची टिकली शौकिनांच्या चेष्टेचा विषय होती. २०१० साली महिंद्राने ती कंपनी घेतली. खरा खेळ मात्र जानेवारी २०२०मध्ये फिरला, जेव्हा टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली. पुण्याजवळच्या रांजणगावला बनणारी ही गाडी दिसायला चारचौघींसारखी होती, आणि हेच तिचं यश. नोव्हेंबर २०२४मध्ये महिंद्राने चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई दाखवल्या. जुलै २०२५मध्ये टेस्लाने वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान थाटलं. तरी आकडे डोक्यात ठेवलेले बरे. २०२४ साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या शंभर नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ इलेक्ट्रिक होत्या. भारतात त्या वर्षी हा आकडा अडीचच्या आसपास होता. आपल्याकडचा वाद मोठा आहे, गाड्या अजून थोड्या आहेत.

पिकअप

या मुद्द्यावर वाद उरलेला नाही. पेट्रोलच्या इंजिनाला जोर दाखवायला आधी फिरावं लागतं. टर्बो असेल तर दीड-दोन हजार फेऱ्यांपर्यंत वाट बघा, नसेल तर चार हजारांपर्यंत. विजेची मोटर जागेवरून पूर्ण जोर लावते. मध्ये क्लच नाही, गिअर नाही, वाट बघणं नाही. बीई ६ शून्यावरून शंभरला ६.७ सेकंदांत पोचते, हॅरिअर ईव्ही ६.३ सेकंदांत, असं कंपन्या सांगतात. काही वर्षांपूर्वी हे आकडे आयात केलेल्या जर्मन गाड्यांचे होते.

पण इथे आठवण मध्ये येते. माझ्याकडे २००१ची होंडा सिटी व्हीटेक आहे. दीड लिटर, १०६ अश्वशक्ती, टनभराचं वजन. शंभर गाठायला तिला दहाएक सेकंद लागतात. आजच्या बऱ्याच ईव्हींसमोर ती सिग्नलवरच हरते. तरी साडेपाच हजार फेऱ्यांच्या वर तिचा सूर बदलतो आणि ती एकदम ओढायला लागते, तेव्हा जे होतं ते सेकंदांत मोजता येत नाही. तो जोर फुकट मिळालेला नसतो. गिअर योग्य वेळी खाली घेतला, पाय योग्य वेळी सोडला, म्हणून मिळाला. ईव्हीत जोर मागितला की मिळतो. पेट्रोलमध्ये तो काढावा लागतो.

पेट्रोलवाल्यांचा हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. अडचण एवढीच की आज दुकानात जाऊन तुम्ही ती गाडी घेऊ शकत नाही. नव्या पेट्रोल गाड्यांत बऱ्याच ठिकाणी एक लिटर किंवा १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, उंच बांधा आणि ऑटोमॅटिक गिअर आहे. तरुण शौकिनांची लाडकी पोलो २०२२ साली बंद झाली. २०२० साली बीएस-६चे नियम आले आणि छोट्या गाड्यांतलं डिझेल जवळपास संपलं. त्याबरोबर 'डिझेलचा टॉर्क' म्हणणारे शौकीनही पोरके झाले. त्यांतले बरेच आज ईव्हीत दिसतात, कारण तो धक्का त्यांना तिथेच परत मिळाला. चालवण्याच्या मजेसाठी बनवलेली पेट्रोल गाडी आपल्याकडे येते, पण कशी? २०२५ साली गोल्फ जीटीआय दीडशे आणि ऑक्टाव्हिया आरएस शंभर आल्या. किंमत पन्नास लाखांच्या घरात, आणि दोन्ही हातोहात संपल्या. गिऱ्हाईक आहे, पण तो शौक आता दागिन्यांच्या भावात मिळतो.

घाटाचं गणित

महाराष्ट्रात गाडीची परीक्षा घाटातच होते. खोपोली आणि लोणावळा यांच्यात उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. माणसं धरून सोळाशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला जवळपास अडीच युनिट ऊर्जा लागते. यात पेट्रोल-वीज भेद नाही. हा गुरुत्वाकर्षणाचा दर आहे. फरक आहे तो दलालीत. पेट्रोलचं इंजिन जळलेल्या इंधनातला पाव ते तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. त्यामुळे हा चढ पेट्रोल गाडीला सुमारे एक लिटर जादा पडतो. विजेच्या मोटरची दलाली कमी, म्हणून तिला पावणेतीन युनिटांत भागतं.

उतरताना मात्र दोघांचे रस्ते वेगळे होतात. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. नवं इंजिन अशा वेळी पेट्रोलही बंद करतं. पण चढताना खर्च केलेलं काही परत येत नाही. ईव्हीत पाय उचलला की मोटर उलटी राबते, डायनॅमो होते आणि बॅटरी भरते. अडीच युनिटांतले दीडेक युनिट खाली येईपर्यंत परत मिळतात. माझे ६१चे ६३ झाले ते असे. हे पहिल्यांदा बघताना दुकानदाराने सुटे पैसे परत द्यावेत तसं वाटतं.

माहितीपत्रक एक गोष्ट सांगत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही परतफेड घ्यायला तिच्यात जागाच नसते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी पसरणीचा घाट उतरायला लागाल, तर नेहमीची ती धरून ठेवणारी ओढ सुरुवातीला गायब असते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबणं शहाणपणाचं.

वळणांचं काय? बॅटरी तळाला असल्याने ईव्ही वळणावर कमी झुकते, रस्त्याला चिकटून जाते. पण तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ती दोन-तीनशे किलो जड असते. वेगात आत शिरलात तर ते वजन बाहेर खेचतं, आणि टायर लवकर झिजतात. ब्रेकच्या पेडलखाली अर्धं काम मोटर करते, अर्धं पॅड. दोघांतला सांधा पायाला कळतो. हलकी गाडी हातात जशी खेळते तशी जड गाडी खेळत नाही, मग तिच्यात कितीही जोर असो. घाट चढण्या-उतरण्यात ईव्ही सरस, वळणं घेण्याच्या आनंदात हलकी पेट्रोल गाडी अजून पुढे.

टाकी आणि सॉकेट

ऊर्जेचा साठा म्हणून पेट्रोलला तोड नाही. एका लिटरमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. ४४ लिटरच्या टाकीत झाली जवळपास चारशे युनिट. ४५ युनिटची बॅटरी म्हणजे त्याचा नववा हिस्सा. तरी टाकीवर गाडी सहाशे किलोमीटर जाते आणि त्या बॅटरीवर तीनशेहून थोडी जास्त. नवव्या हिश्शात निम्मा पल्ला, ही मोटरची काटकसर. पण ती भरायची कशी? पंपावरची नळी मिनिटाला तीस लिटर सोडते, म्हणजे मिनिटभरात चारशे किलोमीटरचा शिधा. साठ किलोवॉटचा फास्ट चार्जर मिनिटाला एक युनिट देतो: सात किलोमीटर. या दरीवर कुठलाही उत्साह पूल बांधू शकत नाही. चार्जर मोठे होतील, दरी अरुंद होईल, एवढंच.

त्यात छापील रेंजचा घोळ. पुण्यातली एआरएआय ही संस्था गाड्या तपासते त्या फिरत्या रुळांवर, ठरलेल्या वेगाच्या आलेखाने. त्या परीक्षेत ४५ युनिटची नेक्सॉन ४८९ किलोमीटर जाते. प्रत्यक्षात बहुतेकांना साडेतीनशेच्या आसपास मिळतील, असं टाटा स्वतःच सांगतात. हा प्रामाणिकपणा चांगला, पण एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने एसी लावून जाल तर आकडा आणखी खाली येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. इथे एक गमतीची उलटापालट आहे. पेट्रोल गाडीचं एव्हरेज शहरात पडतं आणि हायवेला सुधारतं. ईव्हीचं शहरात सुधारतं आणि हायवेला पडतं. म्हणून शहरात गाडी चालवणारा आणि दर आठवड्याला गावी जाणारा एकाच गाडीबद्दल उलट बोलतात, आणि दोघेही बरोबर असतात.

मित्राच्या गाडीतून आम्ही मे महिन्यात कोल्हापूरला गेलो होतो. साताऱ्यापुढे एका हॉटेलच्या आवारात चार्जर 'उपलब्ध' असल्याचं मोबाइल दाखवत होता. पोचलो तर यंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरं. कंपनीच्या मदत क्रमांकावर वीस मिनिटं संगीत ऐकलं. शेवटी हॉटेलच्या पोऱ्याने मागे जाऊन मेन स्विच खाली-वर केला आणि यंत्र जागं झालं. तोपर्यंत मागे दुसरी गाडी लागली होती. गणपतीत कोकणच्या वाटेवर रात्री दोनला हेच घडलं तर काय, या धास्तीला काहीतरी आधार आहे. चार्जर किती बसवले हा आकडा मोठा दिसतो. त्यांतले आज किती चालू आहेत, यावर प्रवास अवलंबून असतो.

पावसाळ्याबद्दल मात्र गैरसमज उलटा आहे. 'पाण्यात वीज' या भीतीने लोक बिचकतात. खरं तर २६ जुलै २००५ला मुंबईत शेकडो गाड्यांची इंजिनं मेली ती हवेच्या नळीतून पाणी आत गेल्याने. ईव्हीला श्वासच घ्यायचा नसतो. तिच्या बॅटरीची पेटी बहुधा एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशा दर्जाची असते. म्हणून साचलेल्या पाण्यात घुसावं असं नाही. पण दोघांत बिचारी कोण, याचं उत्तर आपण समजतो त्याच्या उलट आहे. आगीचा धोका मात्र खरा आहे. २०२२च्या उन्हाळ्यात पुण्यासह अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्यावर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. पेट्रोलची गाडी पेटत नाही असं अर्थातच नाही; लिथियमची आग विझवायला जास्त अवघड, हा फरक आहे.

पैशांची बाजू

शौकीन पैशांबद्दल बोलत नाहीत असं दाखवतात, पण पहिला प्रश्न एव्हरेजचाच येतो. मुंबईत लिटरला १०४ रुपये धरले आणि गाडी चौदा देत असेल, तर किलोमीटरला साडेसात रुपये. ईव्ही एका युनिटला सात किलोमीटर गेली आणि घरची वीज दहा-बारा रुपयांना पडली, तर चार्जिंगमधली गळती धरून दोन रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मात्र कर धरून युनिट पंचवीसच्या आसपास जातं. मग किलोमीटर पावणेचारला पडतो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे घरी चार्ज करून ऐंशी हजार वाचतात, सगळं बाहेर केलं तर पंचावन्न. वर्षाला पाच हजार फिरणाऱ्याने हा हिशोब करूच नये.

खरेदीच्या वेळी सरकार ईव्हीच्या बाजूने झुकतं. जीएसटी पाच टक्के. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर किमतीनुसार अकरा ते तेरा टक्के रस्ता कर लागतो, तो ईव्हीला माफ आहे. राज्याच्या २०२५च्या धोरणात टोलमाफीही आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५पासून लागू झाली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८वरून १८वर आला आणि त्या एकदम स्वस्त झाल्या. म्हणजे एका हाताने ईव्हीला दिलेली आघाडी दुसऱ्या हाताने कमी केली. बॅटरीची आठ वर्षांची हमी आता सर्रास मिळते, काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून लांब देतात. तरी जुन्या ईव्हीला बाजारात भाव किती, हे अजून स्थिरावलेलं नाही. मराठी माणूस गाडी घेतानाच विकण्याचा विचार करतो. तिथे तो अडतो.

मधल्या वाटाही आहेत. नव्या सिटी किंवा हायरायडरसारख्या हायब्रिड गाड्या प्लगशिवाय शहरात उत्तम एव्हरेज देतात. सीएनजी तर सगळ्यांत जास्त घरांत शिरलाय. डिकीत सिलिंडर आणि पंपावर रांग, म्हणून शौकीन त्याला गाडीत धरत नाहीत, एवढंच.

धूर

"तुमची वीज कोळशाचीच ना?" हा पेट्रोलवाल्यांचा हुकमी प्रश्न. चंद्रपूर, कोराडीची धुराडी बघितली की तो बिनतोड वाटतो. हिशोब करू. देशातली सरासरी वीज एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. शंभर किलोमीटरला गळतीसह सोळा युनिट धरली तर झाले अकरा-साडेअकरा किलो. पेट्रोलचा एक लिटर जळला की २.३ किलो, शंभर किलोमीटरला सात लिटर, म्हणजे सोळा-साडेसोळा किलो, तेलशुद्धीकरणाचा धूर सोडून. कोळशाच्या विजेवरही ईव्ही पुढेच आहे, पण माहितीपत्रकावरच्या हिरव्या पानाइतकी नाही. बॅटरी बनवताना आधीच तीन-चार टन धूर झालेला असतो. तो फेडायला साठ ते ऐंशी हजार किलोमीटर फिरावं लागतं. छतावर सौर पॅनेल असेल तर लवकर फिटतो. गाडी पार्किंगमध्येच उभी राहिली तर कधीच नाही.

आणि पेट्रोल तरी कुठे पूर्वीचं राहिलंय? २०२५पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं इंधन पंपांवर आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिसऱ्या हिश्शाने कमी, त्यामुळे एव्हरेजला सहा-सात टक्क्यांपर्यंत फटका बसू शकतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट हे मिश्रण किती वर्षं सोसतील, ही चिंता वेगळी. माझ्या सिटीची इंधनाची नळी मी बदलून घेतली. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात यावर तक्रार करणंही अवघड. टाकीत आपलाच ऊस आहे.

मिस्त्री

गाडीचं वेड हे निम्मं गॅरेजचं वेड असतं. पद्मिनीच्या काळात प्लग काढून काजळी खरवडणं, कार्बोरेटर फुंकणं, पॉइंट घासणं हे घरचं काम होतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ती गाडी नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांवर कित्येक वर्षं चालत राहायची. आजच्या पेट्रोल गाडीतही बोनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. पण निदान तेल बदलता येतं, सायलेन्सर बदलता येतो, लॅपटॉप जोडून रिमॅप करून घेता येतं, आणि त्यावरून आरटीओशी लपाछपी खेळता येते.

ईव्हीत इंजिनाचं तेल नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. सर्व्हिसला नेली तर एसीचा फिल्टर आणि टायरची हवा. पाकिटाला बरं, हातांना वाईट. जाड नारिंगी केबलमधून शेकडो व्होल्ट वाहतात, तिथे पाना घेऊन जायचं नाही. दोष आला तर तो बहुधा सॉफ्टवेअरचा, आणि औषध हवेतून येतं. रात्री गाडी झोपते, सकाळी उठते तेव्हा पडद्यावर नवं बटण असतं. आमच्या गल्लीतला मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखतो; चालू ईव्हीजवळ कान लावून तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ही काही सांगतच नाही हो."

पण हे वेड मरणार नाही, त्याचा पाना बदलेल. अभियांत्रिकीच्या पोरांसाठी २०१५पासून बाहा स्पर्धेत विजेच्या गाड्यांचा वेगळा गट आहे. ती पोरं रात्र-रात्र जागून बॅटरीचे सेल जुळवतात आणि कंट्रोलरचा कोड खोडून पुन्हा लिहितात. त्यांच्या बोटांनाही काळं लागतंच, फक्त ते तेलाचं नसतं.

आवाज

शेवटचा मुद्दा सर्वांत हट्टी आहे. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा हळहळलेल्यांत ती गाडी चांगली होती असं म्हणणारं क्वचितच कुणी होतं. आठवण होती ती गिअर टाकतानाच्या खडखडाटाची, चढावरच्या गुरगुरण्याची. आवाज म्हणजे गाडीची बोली. त्यावरून वेग कळतो, गिअर कधी बदलायचा ते कळतं, ती दमली की तेही कळतं.

ईव्ही बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. महिंद्राने बीई ६च्या ध्वनींसाठी ए. आर. रहमान यांना बोलावलं. ह्युंदाईने आयोनिक ५ एनमध्ये नसलेल्या गिअरचे झटके आणि नसलेल्या इंजिनाचा आवाज बसवला. चालवणारे सांगतात की मजा येते. तरी एक गोष्ट राहतेच. खऱ्या गिअरमध्ये चूक केली तर गाडी बंद पडते आणि मागचा हॉर्न मारतो. खोट्या गिअरमध्ये चूक करायची सोय गाडीने आपल्यावर उपकार म्हणून दिलेली असते.

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. शौकिनाला वेग हवा असतो हा समज चुकीचा. वेगच हवा असता तर तो केव्हाच ईव्हीत बसला असता. त्याला हवं असतं की गाडीचं आपल्यावाचून अडावं. जुनी पेट्रोल गाडी चालवणाऱ्यावर अवलंबून होती. थंडीत चोक किती ओढायचा, कुठल्या वळणावर दुसरा टाकायचा, हे तिला माणसाने सांगावं लागे. हे अवलंबून असणं ईव्हीने संपवलं असं आपण म्हणतो, पण ते काम पेट्रोल गाड्यांनीच वीस वर्षं चालवलेलं होतं: आधी इंजेक्शन, मग ऑटोमॅटिक, मग टचस्क्रीन. ईव्हीने फक्त शेवटची सही केली.

म्हणून माझा निकाल असा. आजच्या दुकानातली पेट्रोल गाडी आणि आजची ईव्ही यांच्यात, घरच्या पार्किंगमध्ये सॉकेट असेल आणि रोजचं चालवणं असेल, तर ईव्ही जिंकते. सॉकेट नसेल किंवा दर आठवड्याला लांब जायचं असेल, तर पेट्रोल किंवा हायब्रिड. आणि चालवण्याच्या आनंदासाठी? त्यासाठी नवी पेट्रोल गाडी घेणं हा या तिन्हींतला सर्वांत कच्चा सौदा. तो आनंद जुन्या, हलक्या, हातात बोलणाऱ्या गाडीत आहे, आणि ती आता बनत नाही, सांभाळावी लागते.

सोसायटीकडे पंधरा अँपिअरच्या पॉइंटसाठी अर्ज देऊन दोन महिने झाले. एकदा सेक्रेटरी गावाला गेले होते, एकदा सभेला कोरम नव्हता, आता 'स्वतंत्र मीटर की सामाईक' यावर चर्चा सुरू आहे. होईल केव्हातरी. सिटी विकायची नाही, एवढं घरात आधीच सांगून ठेवलंय.